"जरा गावाकडचा टच द्या" म्हणतात तेव्हा नक्की काय करायचं? व्हॉइसओव्हरमधल्या बोली आणि पात्रांचे आवाज

स्टुडिओत टॉकबॅकवरून, म्हणजे बाहेर बसलेला डायरेक्टर बूथमधल्या आर्टिस्टशी ज्यावरून बोलतो त्यावरून, मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "मॅडम, जरा गावाकडचा टच द्या ना". मग नवीन आर्टिस्ट काय करतो, आवाज चढवतो, "हाय", "न्हाय", "लई" हे तीन शब्द पेरतो, प्रत्येक वाक्याचं शेवटचं अक्षर ओढतो, आणि झाला गावाकडचा माणूस तयार. पण हा माणूस कुठल्याच गावचा नसतो. साताऱ्यात ऐकला तर तिथल्यांना तो विदर्भाचा वाटतो, अकोल्यात ऐकला तर त्यांना साताऱ्याचा. म्हणून टॉकबॅकवर पहिला प्रश्न आपण विचारायचा, "कुठलं गाव?" जिल्हा तरी सांगा. डायरेक्टरने कधी कधी तेवढा विचार केलेला नसतो, मग त्याच्याशी दोन मिनिटं बोलून ठरवून घ्या, ज्या बाईचा आवाज द्यायचाय ती शेतकरी आहे का, माल कुठे विकते, जाहिरात कुठल्या भागात लागणारे. ही दोन मिनिटं नाही दिली तर पुढचे वीस रिटेक त्यातच जातात.

मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे मुली सर्रास "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो" असंच बोलतात, आज्जीपासून नातीपर्यंत सगळ्या, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. कामाला सुरुवात केली तेव्हा एका स्टुडिओत माझं हे "आलो" इतक्या वेळा तोडलं गेलं की मी घरी फोनवर आईशी बोलतानासुद्धा "आले" म्हणायला लागले, आणि आई म्हणाली, "कोण बोलतंय?" नंतर काही वर्षांनी एक स्क्रिप्ट आली, कोल्हापूरची पोरगी, वाक्यावाक्याला "गा" आणि "लगा", आणि क्रियापद मात्र "मी आले", "मी गेले". म्हणजे मसाला सगळा होता, भाजीच नव्हती. मी तिथे थांबले आणि सांगितलं की हे "आलो" पाहिजे, नाहीतर ती पोरगी आमची नाही. ऐकलं त्यांनी. तेव्हापासून मी ज्यांना ज्यांना शिकवते त्यांना हेच सांगते की बोली म्हणजे शब्दांची फोडणी नाही, तिला स्वतःचं व्याकरण आहे, स्वतःचा मानपान आहे, आणि ते चुकलं तर तिथला माणूस पहिल्या वाक्यात ओळखतो.

आता शिकायचं कसं. सगळे शब्दांपासून सुरुवात करतात, मी म्हणते हेलापासून करा. हेल म्हणजे वाक्याची चाल, कुठे चढतं, कुठे पडतं, कुठलं अक्षर लांबतं. मालवणी माणूस प्रश्न विचारतो तेव्हा सूर कसा वर जातो, नागपूरकडचा माणूस "करून राह्यला" म्हणताना "राह्य"वर कसा टेकतो, हे आधी कानात बसलं पाहिजे. त्यासाठी एक सोपा रियाज आहे. त्या भागातल्या माणसाचं पाच-दहा मिनिटांचं बोलणं मिळवा, एक वाक्य ऐका, थांबवा, आणि तोंड बंद ठेवून नुसतं "हं हं" करत गुणगुणा, शब्द एकही नाही. गाण्याची चाल गुणगुणतो तसं. तीन-चार दिवस एवढंच. मग त्याच चालीत प्रमाण मराठीचं वाक्य बोलून बघा. शब्द पुस्तकी असूनही ऐकणारा "तुम्ही सावंतवाडीचे का?" असं विचारायला लागला की समजा हेल बसला. शब्द नंतर येतात, ते सोपे असतात.

रेकॉर्डिंग मिळवताना एक चूक सगळे करतात, मीही करायचे, म्हणजे कागद देऊन वाचायला सांगणे. वाचताना माणूस शाळेत जातो. घरात अस्सल वऱ्हाडी बोलणारे काकासुद्धा कागद हातात आला की बातम्या दिल्यासारखं बोलायला लागतात. म्हणून वाचायला द्यायचं नाही, सांगायला लावायचं. "तुमच्याकडे सोलकढी कशी करतात?", "एसटी चुकली तेव्हा काय झालं?", "पहिल्यांदा मुंबईला आलात तेव्हा कुठे राह्यलात?" अशा प्रश्नांवर माणूस खुलतो आणि पहिल्या दोन मिनिटांनंतर खरी बोली यायला लागते. रेकॉर्ड करण्याआधी विचारा, आणि कशासाठी हवंय तेही सांगा, लपूनछपून फोन चालू ठेवणं बरोबर नाही.

ओळखीचं कुणी नसेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगावच्या लोकांची रेकॉर्डिंग्स आहेत, ती नेटवर ऐकता येतात, आणि आमच्या कामासाठी ती खाणच आहे. त्याहून जुनं बघायचं असेल तर जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड, १९०५ चा, तो मराठीवरच आहे आणि त्यात उधळ्या मुलाची एकच गोष्ट वेगवेगळ्या बोलींत दिलीये. एकच गोष्ट असल्यामुळे बोली शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. पण शंभर वर्षांपूर्वीची बोली आहे ती, जशीच्या तशी आजच्या पात्राच्या तोंडी घालू नका.

हेल बसला की मग आवाजांकडे या. प्रत्येक बोलीत दोन-तीन खुणा अशा असतात की त्या बरोबर आल्या तर बाकीचं माफ होतं. 'ळ' घ्या. वऱ्हाडीत आणि खानदेशाकडे 'ळ'चा 'य' होतो, डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. आगरीत त्याच 'ळ'चा 'ल' होतो, डोला. आगरी-कोळी बोलीत 'ड'चा 'र' होतो, गाडीची गारी, होडीची होरी. मालवणीत पुल्लिंगी नाव 'ओ'वर संपतं, घोडो, झगडो, आपलो, आणि मला-तुलाचं माका-तुका होतं. वऱ्हाडीत तेच मले-तुले. अहिराणीत "आहे"च्या जागी "शे" येतं. आमच्याकडे आदराने बोलताना शेवटी "सा" लागतो, "कुठं निघालायसा?", "काय म्हंतासा?" मराठवाड्यात "काय करायलास?", तर विदर्भात "काय करून राह्यला?" एकच वाक्य घेऊन ते सगळीकडे कसं जातं बघायचं, "मी उद्या येईन" हे मालवणीत "मी फाल्या येतलंय", इथे क्रियापदही बदललं आणि उद्यासुद्धा. नुसतं "उद्या येईन"ला कोकणी हेल लावून भागत नाही.

खानदेशाबद्दल एक वेगळं सांगते कारण इथे फार घोळ होतो. जळगाव म्हटलं की सगळे अहिराणी काढतात, पण जळगाव-भुसावळ पट्ट्यात लेवा गणबोली वेगळी आहे, धुळ्याकडची अहिराणी वेगळी. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या, त्यांची भाषा त्या लेवा समाजातली. स्क्रिप्टवर "खानदेशी" एवढंच लिहिलेलं असेल तर विचारून घ्या.

मानपानाचं म्हटलं ते पण इथेच सांगून टाकते. वऱ्हाडीतलं "बे" हे बरोबरीच्या मित्राला, लहान भावाला. मुलगा बापाला "काय बे" म्हणताना दाखवला की अमरावतीत ती जाहिरात पडली समजा. मालवणीत बाईला "गो", पुरुषाला "रे", आणि "मेल्या" हे प्रेमानेही येतं आणि रागानेही, फरक फक्त हेलात. मालवणी म्हणजे दर वाक्याला शिवी ही समजूत तर सोडूनच द्या. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी रंगभूमीवर गाजवली तेव्हा लोक हसले ते त्यांच्या टायमिंगला आणि माणसांच्या इरसालपणाला, शिव्या हा त्यातला छोटा भाग होता, पण नंतर ज्यांनी नक्कल केली त्यांनी नेमका तेवढाच उचलला.

किती बोली घालायची याला मी आण्यांचा हिशोब लावते. अख्ख्या महाराष्ट्रात लागणारी वीस सेकंदांची जाहिरात असेल तर चार आणे, म्हणजे हेल आणि एखादी खूण, शब्द सगळे सगळ्यांना कळणारे. ऑडिओबुकमधले संवाद आठ ते बारा आणे, कारण तिथे ऐकणाऱ्याकडे वेळ आहे, दोन प्रकरणांत त्याचा कान तयार होतो. आणि एखाद्या जिल्ह्यापुरतं काम असेल, स्थानिक रेडिओवरची शेतीची माहिती वगैरे, तर पूर्ण सोळा आणे, तिथे हात आखडता घेतला तर लोकांना तुम्ही पाहुणे वाटता. हा हिशोब रेकॉर्डिंगच्या आधी डायरेक्टरशी बोलून पक्का करा आणि पूर्ण कामात तेवढाच ठेवा. पहिल्या पानावर बारा आणे आणि शेवटच्या पानावर दोन आणे हे सगळ्यात जास्त दिसतं, कारण आर्टिस्ट दमतो आणि आपल्या मूळ बोलीवर घसरतो.

प्रमाण मराठी ही पण एक बोली समजूनच तिचा रियाज करावा लागतो हे विसरू नका. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगून घे, या दोन्हीतला 'ज' वेगळा आहे. 'चार' आणि 'चाक' मधला 'च' वेगळा आहे. हिंदीतून मराठी डबिंगला आलेले आर्टिस्ट इथे पकडले जातात, आणि आपल्यातले बरेच जण 'ण' आणि 'न' मध्ये. वकील, डॉक्टर, निवेदक अशी पात्रं आली की हेच बघितलं जातं.

आता पात्रांचे आवाज. हा भाग बोलीपेक्षा वेगळा आहे आणि लोक दोन्हीची गल्लत करतात. बोली माणूस कुठला हे सांगते, आवाज माणूस कोण हे सांगतो. नवीन लोकांकडे आवाज बदलायला एकच चावी असते, पट्टी. लहान मूल म्हटलं की वरची पट्टी, म्हातारा म्हटलं की खालची. पण नुसत्या पट्टीने होत नाही, त्याचं कारण शरीरात आहे. पुरुषाचा बोलण्याचा सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झ, बाईचा २०० च्या आसपास, लहान मुलाचा ३०० च्या आसपास, हे खरं, पण त्यासोबत स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळीही लहान-मोठी असते, मोठ्या पुरुषाची १७ सेंटीमीटरच्या आसपास, बाईची त्याहून दोन-तीन सेंटीमीटर कमी, मुलाची अजून कमी. कान ती नळीसुद्धा ऐकतो. तुम्ही सूर वर नेला आणि नळी तीच ठेवली की मोठा माणूस चिरक्या आवाजात बोलतोय असं ऐकू येतं, मूल ऐकू येत नाही.

मग नळी कशी बदलायची? ओठांनी. गालात हसू ठेवून बोललात की ओठ मागे जातात, नळी आखूड होते, आवाज लहान होतो. ओठ पुढे काढून, चंबू करून बोललात की नळी लांब होते, आवाज जड होतो, आणि यासाठी गळा अजिबात दाबावा लागत नाही. आरशासमोर "पाणी आण" एवढंच वाक्य घ्या आणि ओठांच्या पाच जागांवरून बोलून रेकॉर्ड करा, पट्टी तीच ठेवून. पाच वेगळी माणसं मिळतील. मग आवाज कुठे घुमवायचा ते बघा, छातीत, गळ्यात, नाकात, कपाळात. नाकात घुमवला की कारकुनी, किरकिर करणारं माणूस मिळतं, छातीत घुमवला की पाटील. हे ठोकळे आहेत हे मला माहितीये, पण सुरुवातीला ठोकळे हातात असलेले बरे, नंतर ते मोडायचे.

तिसरी चावी वेग आणि श्वास. म्हातारपण म्हणजे थरथरता आवाज नाही. माझी आत्या चौऱ्याऐंशीची आहे आणि तिचा आवाज अजिबात थरथरत नाही, फक्त वाक्याच्या मधेच श्वास घेते, जिथे आपण कधी घेणार नाही तिथे, आणि शेवटचे दोन शब्द हवेवर सोडते. मी आज्जीचे सगळे आवाज तिच्याकडून घेतलेत. मुलं उलट करतात, श्वास संपेपर्यंत बोलत राहतात आणि मग शब्दाच्या मधोमध हपापून श्वास घेतात. एवढं केलं तरी पट्टी फारशी न बदलता वय बदलतं.

चौथी गोष्ट शरीर, ही सांगितली की नवीन मुलं लाजतात. पाटील करताना पाय फाकवून उभे राहा. भित्रा माणूस करताना खांदे वर घ्या. दारात टेकून बोलणारी बाई असेल तर बूथमध्ये खरंच एका पायावर भार द्या. माईकला तुम्ही दिसत नाही पण छाती दबली की आवाज दबतो, ते माईकला ऐकू येतं. आपल्याकडे लक्ष्मण देशपांडे एकटे रंगमंचावर ५२ पात्रं करायचे, त्यात वेशभूषा बदलणं नव्हतं, मान वळली, खांदा पडला की माणूस बदलायचा आणि त्याच्यासोबत आवाजही. आणि दोन पात्रांमधली अदलाबदल शिकायची तर शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारे, बघा. रामदास पाध्ये आणि त्यांचा बाहुला अर्धवटराव यांचा संवाद ऐकताना कधी एकमेकांच्या आवाजाचा डाग लागत नाही, कारण बाहुल्याचा फक्त आवाज वेगळा नाही, उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो तेही वेगळं आहे. हा उत्तराआधीचा वेळ पात्राला देऊन बघा, एक पात्र समोरच्याचं वाक्य संपायच्या आत बोलतं, दुसरं अर्धा सेकंद थांबतं, आवाज जवळपास सारखा असला तरी ऐकणारा गोंधळत नाही.

ऑडिओबुकमध्ये हे जास्तच लागतं कारण एकाच गळ्यातून पंधरा-वीस माणसं काढायची असतात आणि काम पंधरा दिवस चालतं. तिथे माझी पद्धत अशी, पुस्तक आधी पूर्ण वाचायचं, हे टाळू नका, सतराव्या प्रकरणात लेखक लिहितो "तो आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाला" आणि तुम्ही सोळा प्रकरणं त्याला गोड आवाजात बोलवलेलं असतं. मग प्रत्येक पात्राला एक किल्लीचं वाक्य द्यायचं, असं वाक्य की जे बोललं की ते पात्र अंगात येतं. शांताकाकूचं "अगं बाई, बस ना दोन मिनिटं", तसं. ते दहा सेकंदांचं रेकॉर्ड करून पात्राच्या नावाने फाईल ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्या पात्राची ओळ बोलण्याआधी हेडफोनमध्ये ऐकायची. आठवणीवर विसंबलात की दर दिवशी पात्र थोडं थोडं सरकतं. स्क्रिप्टवर पात्रागणिक रंग द्या, म्हणजे डोळ्याला ओळ यायच्या आधीच कळतं आता कोण बोलणार. आणि प्रत्येकाला मोठा आवाज देऊ नका. दोन-तीन मुख्य माणसं घडवा, बाकीच्यांना नुसता वेग किंवा नुसती जागा बदलून सोडा. बाईने पुरुषाचे संवाद करताना आवाज खर्जात ढकलायचा नाही, चढउतार कमी करायचे, वाक्य जरा सपाट ठेवायचं, पुरे होतं. पुरुषांनी बायकांचे संवाद करताना आवाज बारीक केला की ती बाई टिंगल वाटते, तिथे आवाज हलका करा, बारीक नाही.

गळ्याबद्दल मी जरा कडक आहे. किंचाळणं, राक्षस, घोगरा गुंड असलं काही असेल तर ते सेशनच्या शेवटी ठेवायला सांगा, आधी केलंत तर उरलेला दिवस आवाज हातात राहत नाही. डबिंग कोऑर्डिनेटर ऐकतात, फक्त बोलावं लागतं. सुरुवातीला पाच मिनिटं ओठ फुरफुरवत सूर वर-खाली न्या, मग तोंड मिटून गुणगुणा. मधे मधे पाणी, एकदम तांब्याभर नाही, घोट घोट. सारखं खाकरू नका, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्यापेक्षा आवंढा गिळा. घसा बसला तर कुजबुजून बोलायचीही गरज नाही, त्यानेही ताण येतो, सरळ गप्प बसा. कुठलाही आवाज काढताना दुखलं तर तो आवाज तुम्ही चुकीच्या जागेवरून काढताय, दुसरी जागा शोधा. आणि घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, आयुर्वेदिक गोळ्या चघळत बसू नका. याच गळ्यावर आपलं पोट आहे.

माईकचं थोडक्यात. प, फ, ब, भ वर पॉप मारतो, म्हणजे तोंडातली हवा माईकवर धपकन आदळते, म्हणून तोंड माईकच्या जरा बाजूला, अंतर वीतभर. ओरडणारं पात्र असेल तर एक पाऊल मागे, पण पुटपुटणारं आलं म्हणून माईक खाऊ नका, नाहीतर एक पात्र स्वयंपाकघरात आणि एक कानात असं ऐकू येतं. पंच करताना, म्हणजे चुकलेली ओळ तेवढीच परत रेकॉर्ड करताना, आधीची ओळ ऐकून त्याच अंतरावर उभे राहा, मी जमिनीवर चिकटपट्टी लावते.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. अजूनही अशा स्क्रिप्ट येतात ज्यात मॅडम प्रमाण बोलतात आणि धुणीभांडी करणारी बाई, वॉचमन, ड्रायव्हर बोली बोलतात, आणि विनोद सगळा त्या बोलीवर. मी आता तिथे दोन टेक देते. एक त्यांनी लिहिलंय तसा, आणि एक असा की ज्यात ती बाई शहाणी आहे, तिला काय म्हणायचंय ते तिला नीट माहितीये, आणि ती फक्त तिच्या भाषेत बोलतेय. शब्द तेच. बऱ्याचदा दुसरा टेक लागतो, कारण तो ऐकायलाच बरा वाटतो. प्रत्येक वेळी नाही लागत. तरी देते. वऱ्हाडीत कोर्टात उलटतपासणी होऊ शकते, मालवणीत कुणी आपल्या माणसाच्या जाण्याची बातमी देऊ शकतं, हे आर्टिस्टच्या डोक्यात असेल तरच आवाजात येतं, म्हणून रियाजाला विनोदी उतारे घेऊ नका, दुःखाचे आणि भांडणाचे घ्या. त्या बोलीत तुम्हाला रडता आलं की हसवणं आपोआप येतं.

डेमो बनवताना आपली स्वतःची बोली सगळ्यात आधी ठेवा, बऱ्याच जणांनी ती शाळेत असतानाच पुसून टाकलेली असते, ती परत आणायला घरी फोन करत राहणं हा एकच उपाय मला माहितीये. दीड मिनिटाच्या वर डेमो नको. नऊ बोली कच्च्या ठेवण्यापेक्षा दोन पक्क्या ठेवा. बोलीचा डेमो वेगळा, पात्रांच्या आवाजांचा वेगळा, फाईलच्या नावात बोलीचं नाव लिहा, "गावठी" असं लिहू नका. आणि पाठवायच्या आधी तो त्या भागातल्या एका माणसाला ऐकवा, आवाज तुमचा आहे हे न सांगता. "छान काढलाय आवाज" असं म्हणाले तर अजून काम बाकी आहे. माझा मालवणी डेमो मी कुडाळच्या एका ओळखीच्या काकींना असाच ऐकवला होता, त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि विचारलं, "ह्या चेडू खंयचा?", म्हणजे ही पोरगी कुठली. मग मी तो पाठवला.